दांडा उजव्या बाजूस आहे

शुक्रवार, ५ ऑगस्ट १८८१. येल्टारा.

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू, आठवतील तशा: हे मेज. ज्या घरात ते आहे ते घर, धुराडं सोडून. धुराडं गवंड्याने बांधलं आणि ते धूर आत सोडतं. भट्टीचा भाता, कातड्यासकट. विहिरीचा रहाट. चॅपेलमधलं व्यासपीठ आणि त्याच्यासमोरचे चार बाक. मागचे बाक दुसऱ्या कुणाचे आहेत हे बसल्याबरोबर कळतं. गाड्यांची चाकं, किती ते मोजलेलं नाही. बायको टॅमसिनसाठी पाळणा, आणि त्यापुढच्या हिवाळ्यात उरलेल्या त्याच लाकडाची एक लहान पेटी, ती मातीत आहे. टॅमसिनचा लोण्याचा साचा. त्यावर एका बाजूला बघणारं पाखरू आहे, पंखाचं पीस न् पीस मोजून घ्यावं. गहू उफणायची यंत्रं सतरा. त्यातली अकरा विकली. सहा मागच्या शेडमध्ये उभी आहेत.

यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. समुद्रापलीकडे कॉर्नवॉलमध्ये नऊ वर्षांचा असताना मी खाणीच्या तोंडाशी दगड फोडत होतो. पुढचं सगळं पाहून, मोडून आणि पुन्हा जोडून आलं.

यादी करायचं कारण गावचा पेपर, ‘हेरल्ड’. आज दुपारी कर्नोने जेवताना तो मोठ्याने वाचला. कर्नो माझ्या हाताखालचा कारागीर. हात चांगला, तोंड त्याहून मोठं. शहरातल्या कारखान्याने अख्खा रकाना घेतलाय. क्रॉस्थवेट नावाचा त्यांचा एजंट स्टेशनाजवळ खोली घेऊन बसलाय म्हणे. ‘दिवसाला दीडशे पोती. लहान मूलही फिरवील.’ हे यंत्र मी पाहिलेलं आहे. त्याच्या चाळणीची चौकट खिळ्यांवर आहे, स्क्रूवर नाही. तिसऱ्या वर्षी ती खुळखुळ्यासारखी वाजेल.

मी आजवर जाहिरात दिली नाही. दारावर पाटी आहे. गेल्या वर्षी या सुमाराला चार यंत्रांची मागणी आली होती. यंदा एकच गिऱ्हाईक आलं, किंमत विचारली, मग बराच वेळ आभाळाकडे बघत उभं राहिलं आणि गेलं.

टॅमसिन म्हणाली, तुम्हीही काहीतरी छापून आणा. मी म्हटलं, माझं यंत्र स्वतः बोलतं.

“शेडमध्ये उभं राहून कुणाशी बोलतं?” ती म्हणाली.

इकडे ऋतू उलटे आणि सुगी नोव्हेंबरात, त्याआधी सहापैकी निदान चार तरी गेली पाहिजेत. नाहीतर पुढच्या वर्षाचं लाकूड-लोखंड आणता येणार नाही आणि भट्टी बंद करावी लागेल. हे मी टॅमसिनला सांगितलेलं नाही. तिने काळजी करावी असं त्यात काही नाही. हल्ली ती लोणी जरा जास्त करते आणि स्टेशनावर पाठवते. एकेकाला कसला ना कसला छंद लागतो.

मंगळवार, ९ ऑगस्ट.

डॅलाहंटकडे गेलो. तो ‘हेरल्ड’चा मालक, संपादक आणि छापणारा, तिन्ही एकच. आयरिश माणूस, शाई त्याच्या कानातसुद्धा आहे. अंकाचं पहिलं पान सगळं जाहिरातींचं असतं आणि मी ते आज प्रथमच नीट वाचलं. खाटकाच्या जाहिरातीत कविता आहे. ती डॅलाहंटच करतो, ओळीमागे एक सॉसेज घेतो. औषधवाल्याकडे एकच बाटली माणसाच्या खोकल्यालाही चालते आणि घोड्याच्या खुरालाही. खोगीरवाला म्हणतो की त्याचं खोगीर एकदा घेतलं की बायको परत माहेरी जात नाही. का, ते लिहिलेलं नाही.

चित्रांचं तर बोलायलाच नको. डॅलाहंटकडे घोड्याचा ठसा एकच आहे. जिल्ह्यातल्या पाचही पैदाशीच्या घोड्यांच्या जाहिरातीवर तोच छापतो, आणि गेल्या महिन्यात हरवलेल्या गाईच्या सूचनेवरही तोच होता. मी विचारलं तेव्हा म्हणाला की गाय सापडली ना, मग झालं तर.

मी मजकूर घरून लिहून नेला होता: ‘जे. नँकिवेल, येल्टारा. उफणणी यंत्रं. दोन माणसं, वारा पडलेला असताना, दिवसाला नव्वद पोती. गव्हात माती असेल तर सत्तर. तेल वेळेवर न दिल्यास त्याहून कमी. किंमत सोळा पौंड. कमी होणार नाही.’

डॅलाहंटने दोनदा वाचलं. “मिस्त्री, ही जाहिरात आहे की कबुलीजबाब?”

मी म्हटलं, प्रत्येक शब्द खरा आहे. दीडशे पोती कुठल्याच यंत्रातून निघत नाहीत. ते खोटं आहे.

“ते खोटं असेल,” तो म्हणाला, “पण ते छापलेलं आहे.”

एक शब्द बदलू दिला नाही. वर चित्र हवंच, चित्राशिवाय शेतकऱ्याची नजर थांबत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. उफणणी यंत्राचा ठसा आपल्याकडे आहे म्हणाला. तेवढं मी मान्य केलं. बघायला मागितलं नाही, ही चूक माझी.

शुक्रवार, १९ ऑगस्ट.

जाहिरात आली. चित्रातलं यंत्र माझं नाही.

पंख्याचं घर गोल आहे. माझं आठ कोनी असतं. पायांना आडवी पट्टी नाही. चाळणीच्या चौकटीवर खिळ्यांची डोकी स्पष्ट दिसतात. म्हणजे हा शहरवाल्यांच्याच जुन्या यंत्राचा ठसा. माझ्या नावाखाली, माझ्या किमतीत, त्यांची खिळे मारलेली चौकट.

डॅलाहंटकडे तसाच गेलो. त्याने शांतपणे सांगितलं की हा ठसा आजवर तिघांनी वापरला आणि तिघांनीही यंत्रं विकली. शेतकरी कोन मोजत बसत नाही. मी म्हटलं, जो कोन मोजत नाही त्याला माझं यंत्र विकायचंच नाही. तो म्हणाला, मग चांगलं चाललंय की.

शेवटी मी सांगितलं की ठसा मीच कोरतो. आधी हसला, मग माझे हात बघितले आणि हसायचा थांबला. जुना ठसा दाखवला, उंची मोजू दिली. ती छपाईच्या शिशाच्या अक्षरांइतकीच असावी लागते, केसभर जास्त झाली तर कागद फाटतो. लाकडाच्या उभ्या बाजूवर नाही, आडव्या कापाच्या तोंडावर कोरायचं. आणि बजावलं की अक्षरं उलटी कोरा, मिस्त्री, नाहीतर गाव तुमचं नाव शेपटाकडून वाचेल. मी म्हटलं, तेवढं मला कळतं.

शनिवार, २७ ऑगस्ट.

चॅपेलमागचं पेअरचं झाड गेल्या उन्हाळ्यात वाळलं होतं, त्याचा ओंडका घेतला. लाकूड लोण्यासारखं कापतं आणि कड धरतं. कोरायची हत्यारं मोडक्या छत्रीच्या काड्या घासून केली, चार जाडीची. यंत्र अंगणात आणून उभं केलं, मेज त्याच्यासमोर मांडलं, आणि जसं दिसतं तसं लाकडावर उतरवतोय. स्मरणातून एकही रेघ नाही. आठ कोन, अठ्ठेचाळीस स्क्रू, प्रत्येकाच्या डोक्यावरची खाचसुद्धा. बाजूच्या फळीवर माझं नाव, तेवढं आरशात बघून उलटं.

टॅमसिन धुणं वाळत घालताना मागे येऊन उभी राहिली. हातातलं धुणं पिळत ती ठशाकडे बघत होती. मग म्हणाली, “हे माझ्या लोण्याच्या साच्यासारखंच ना हो?”

मी म्हटलं, साचा दाबायचा असतो आणि ठशाला शाई लावायची असते. दोन वेगळे धंदे आहेत.

“तसं नव्हे. माझं पाखरू साच्यात खिडकीकडे बघतं आणि लोण्यावर दाराकडे.”

मी म्हटलं, तुझं पाखरू कुठेही बघू दे, माझी रेघ हलतेय. ती आत गेली. बायकांना कामाच्या मधेच असलं काहीतरी सुचतं.

विहिरीचं पाणी आणखी एक हात खाली गेलंय. रहाटाला दोर जोडून दिला.

रविवार, ११ सप्टेंबर.

आज चॅपेलमध्ये पावसासाठी प्रार्थना झाली. चॅपेल भरलं होतं. एरवी न येणारेसुद्धा आले होते. स्टीफन्सच्या गव्हाला वीतभर उंचीवरच कणसं आलीत म्हणे, आणि ती पोकळ आहेत. बाहेर पडल्यावर दहा-बारा शेतकरी कुंपणाला टेकून उभे होते. शेतावर जाण्यासारखं काही नाही असं त्यांच्या उभं राहण्यातच दिसत होतं. मी त्यांना सांगितलं की शुक्रवारच्या पुढच्या अंकात बघा. बघू म्हणाले.

प्रार्थनेच्या वेळी माझं मन ठशातच होतं, ते लिहून ठेवतो. दांड्याच्या मुठीवरची सावली कशी धरावी ते तिथेच सुचलं.

शुक्रवार, २३ सप्टेंबर.

आज आला. सकाळी डॅलाहंटने ओला अंक हातात दिला आणि म्हणाला की एवढं बारीक काम त्याने डब्लिन सोडल्यापासून पाहिलं नाही. खरंच तसं आलंय. खाचा आल्यात. आठही कोन आलेत. माझं नाव सुलट, फळीच्या रेघांवर नीट बसलेलं. मी अंक घडी न घालता घरी आणला.

कर्नोला दाखवला. त्याने बघितलं, मग मागे शेडकडे बघितलं, मग पुन्हा अंक बघितला. 

“मिस्त्री,” तो म्हणाला, “आपला दांडा कुठल्या बाजूला असतो?”

मी म्हटलं, उजव्या.

त्याने बोट ठेवलं.

दांडा डावीकडे आहे. पोत्याची घसरणही उलट बाजूला. सगळं यंत्र आरशात उभं असल्यासारखं. नाव तेवढं सरळ.

मी बाहेर जाऊन अंगणातल्या यंत्राचा दांडा थोडा वेळ फिरवला. तो उजवीकडेच होता.

संध्याकाळी टॅमसिनला अंक दाखवणं भाग पडलं. तिने बघून घडी घातली आणि केशराचा केक कापला, जो आमच्याकडे नाताळाशिवाय होत नाही.   तिच्या ते लक्षात आलं नसावं.

बुधवार, २८ सप्टेंबर.

गावाला काम नाही, म्हणून हसायला वेळ आहे. खाटीक मला डाव्या हाताने सलाम करतो. खोगीरवाल्याने विचारलं की मिस्त्री, तुमच्या यंत्रात गहू घातला की पुन्हा कणसं बाहेर येतात का. परवा चौघं शेतकरी खास गाडी जुंपून डावखुरं यंत्र बघायला आले. शेडमधली सहाही उजवी आहेत हे बघून त्यांची निराशा झाली. विकत घेण्याचं कुणी नाव काढलं नाही. दांड्याला मात्र प्रत्येकाने हात लावला.

डॅलाहंट म्हणतो, दुसरा ठसा कोरा, नाहीतर आहे तो असू द्या, आठवडाभरात लोक विसरतील. मी म्हटलं, दुसरा कोरेन तेव्हा कोरेन, पण छापलेली चूक छापूनच दुरुस्त करायला हवी. मजकूर दिला: ‘खुलासा. गेल्या अंकातील चित्रात दांडा डाव्या बाजूस दिसतो. प्रत्यक्षात दांडा उजव्या बाजूस आहे. चित्र आरशात पाहिल्यास योग्य दिसेल.’

डॅलाहंटने कपाळाला हात लावला. त्याच्या कपाळावर त्याची चारही बोटं उमटली.

शनिवार, १ ऑक्टोबर.

खुलासा आला. आज सकाळी दुकानाच्या दाराला कुणीतरी आरसा टांगून ठेवला होता. आरसा चांगला आहे. कुणी मागायला आलं तर परत करीन.

दिवसभर उत्तरेचा वारा. दौतीवर धुळीची साय धरते.

गुरुवार, १३ ऑक्टोबर.

आज एक खरं गिऱ्हाईक आलं. सविस्तर लिहितो, कारण टॅमसिन आणि कर्नो दोघंही यात मलाच दोष देतात.

नॉयमान नावाचा जर्मन शेतकरी, दक्षिणेकडच्या डोंगरापलीकडच्या खोऱ्यातला. तिकडे वेळेवर दोनदा पाऊस झाला आणि गहू कमरेला लागतोय म्हणाला. तो दोन दिवस गाडी हाकत आला होता. खिशातून ‘हेरल्ड’चं पान काढलं. माझा ठसा, घड्यांवर झिजलेला, पण खाचा दिसत होत्या. बाकी सगळं थोडक्यात बोलला. त्याच्याकडे जुनं यंत्र आहे, उजव्या दांड्याचं. त्याच्या शेजारी डाव्या दांड्याचं मांडलं तर दोन्हींच्या मधे उभं राहून एकच माणूस दोन्हींत गहू ओतू शकतो, आणि पोती दोन बाजूंना भरतात. असं यंत्र कुठे मिळत नाही म्हणून कित्येक वर्षं शोधत होता. एक स्वतःला हवं, आणि दोन शेजाऱ्यांना, पटलं तर आणखी.

मी त्याला शेडमध्ये नेलं. सहाही दाखवली. त्याने चौकटी दाबून पाहिल्या, स्क्रू पाहिले, मान हलवली. मग म्हणाला, “काम उत्तम आहे, माइस्टर. पण चित्रातलं कुठाय?”

मी सांगितलं की चित्र चुकलंय, खुलासा छापलाय. त्याने तो वाचला नव्हता. मी वाचून दाखवला. तो म्हणाला, चूक असेल, पण मला तीच हवी आहे.

मला वाटलं, आरसा टांगणाऱ्यांनीच याला पाठवलंय. चेहरा नीट बघितला. तो थट्टा करत नव्हता, असं आता लिहिताना वाटतं. त्या वेळी तसं वाटलं नाही. मी म्हटलं, नँकिवेलच्या यंत्राचा दांडा उजवीकडे असतो. पंख्याच्या पात्यांचा कल, दात्यांच्या चाकांची जोडणी, घसरणीचा उतार, सगळं त्या हिशोबाने बारा वर्षांत बसवलेलं आहे. छापखान्यातल्या चुकीसाठी मी ते उलटं करणार नाही.

कर्नो मधेच बोलला. म्हणाला, मिस्त्री, आठवडाभराचं काम आहे, पाती उलटी बसवली की झालं. मी त्याला भात्याकडे जायला सांगितलं.

नॉयमानने पान पुन्हा घडी घालून खिशात ठेवलं. टॅमसिनने त्याला थांबवून मांस-बटाटा भरलेली पॅस्टी आणि चहा दिला. तो खात असताना ती त्याच्याजवळ उभी होती, काहीतरी बोलत होती. मी अंगणातून ऐकलं नाही. गाडी जाताना ती फाटकापर्यंत गेली.

आत आल्यावर म्हणाली, “तीन यंत्रं होती हो ती.”

मी म्हटलं, तीन चुका होत्या.

तिने जेवणाची ताटली माझ्यापुढे ठेवली ती इतकी हळू, की आवाज झाला असता तर बरं वाटलं असतं.

शुक्रवार, ४ नोव्हेंबर.

सुगीचा महिना, आणि येल्टाऱ्यात एकही पातं परजलेलं नाही. स्टीफन्सने शेतात मेंढ्या सोडल्या. त्यांनाही त्यात फार काही मिळालं नाही. रेल्वेने पाण्याच्या टाक्या येतात आणि बायका बादल्या घेऊन रांगेत उभ्या राहतात. तीन कुटुंबं गेली. औषधवाल्याने दुकानाला फळ्या ठोकल्या. त्याची जाहिरात मात्र अजून येते, वर्षाचे पैसे आधीच दिले होते म्हणून.

दुसरा ठसा पूर्ण झाला. या वेळी दांडा बरोबर छापला जातो. डॅलाहंटकडे दाब देऊन पाहिला. तो म्हणाला, आधीचा जास्त जिवंत होता. या अंकात आला. कुणीही काही बोललं नाही, हसलंसुद्धा नाही. एकही यंत्र गेलेलं नाही.

मी याचा नीट विचार केलाय. पहिला ठसा बरोबर आला असता तर सप्टेंबरातच मागण्या सुरू झाल्या असत्या. एकदा नाव हास्यास्पद झालं की शेतकरी वळत नाही. सगळं तिथेच बिघडलं.

स्टेशनावर क्रॉस्थवेटची खोकी पाहिली. शहरातून आली होती तशीच, पट्टीसुद्धा न काढलेली, परत जायच्या डब्यात चढत होती. मोजली नाहीत, पण बरीच होती. दीडशे पोती म्हणे.

शनिवार, १२ नोव्हेंबर.

कर्नो गेला.

सकाळी हत्यारं पुसून, तेल देऊन, खुंट्यांवर टांगली. माझी माझ्या जागी, स्वतःची पोतडीत. मला म्हणाला की मिस्त्री, मला राग नाही, पण इथे आपण दोघं मिळून धूळ उफणतोय. कुठे चाललास विचारलं तर दक्षिणेकडे म्हणाला. लग्न करायचंय त्याला, मलाच ठाऊक नव्हतं, टॅमसिनला होतं. तिने त्याला लोणी बांधून दिलं. मी हात मिळवला. मागे बोलावण्याइतकं माझ्याकडे काही नव्हतं.

भट्टी आज पेटवली नाही. पेटवून काय तापवायचं, ते सुचलं नाही.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर.

‘हेरल्ड’ आता दोनच पानांचा निघतो. शेवटच्या रकान्यात तळाशी बारीक जाहिरात: ‘डब्ल्यू. कर्नो, पूर्वी येल्टारा येथील नँकिवेल यांच्याकडे. उफणणी यंत्रं. दांडा डावीकडे किंवा उजवीकडे, गिऱ्हाइकाच्या सोयीप्रमाणे. नॉयमान यांच्या खळ्यावर कधीही पाहावे.’ वर तोच जुना ठसा, गोल पंख्याचा, खिळ्यांचा.

डॅलाहंटला विचारलं, हे का छापलंस. तो म्हणाला, “पैसे दिले म्हणून, मिस्त्री. येल्टाऱ्यात हल्ली ते नवीन आहे.” मग म्हणाला की तुमचं नाव कर्नोने स्वतः घालायला सांगितलं, गाळलं तर दोन शब्दांचे पैसे वाचतील असं आपण सुचवूनसुद्धा.

टॅमसिनला दाखवलं नाही. अंक तिनेच आणला होता.

मंगळवार, ६ डिसेंबर.

दुपारी क्रॉस्थवेट आला. त्याला जवळून पहिल्यांदाच बघितलं. मला वाटलं होतं त्याहून तरुण, कोटाच्या कडा उसवलेल्या, धुळीने सतत खोकत होता. तो संध्याकाळच्या गाडीने कायमचा जाणार होता. शेडमध्ये जाऊन सहाही यंत्रं बघितली. चौकटीवर हात फिरवून म्हणाला की आमच्याकडे कुणी इतका वेळ देत नाही.

मी म्हटलं, तरी तुमचीच विकली जातात.

“इथे कुठे विकली? एकसुद्धा नाही. मी अख्खे रकाने भरले, तुम्ही खुलासे छापले, दोघांचं सारखंच झालं. उफणायला आधी गहू लागतो, मिस्त्री.”

मी त्याला ठशाची हकीकत सांगितली, की दांडा चुकला नसता तर गोष्ट वेगळी होती. तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला, आमचे पाद्री आजाऱ्याकडे बघतात तसा. 

मग त्याने ठसा बघायला मागितला. दुसरा दिला तर म्हणाला, हा नव्हे, तो. पहिला दिला. खिडकीशी नेऊन त्याने तो उजेडात तिरपा धरला आणि बोट न लावता बघत राहिला. माझ्या यंत्रांकडे इतका वेळ कुणी बघितलेलं मला आठवत नाही. त्यानंतर जे बोलला ते बोलला, आणि मी उत्तर दिलं. तो म्हणाला, विचार करा. मी म्हटलं, केला.

जाताना तो स्वयंपाकघराच्या दाराशी थांबला. लोणी घ्यायला, असं टॅमसिन म्हणाली. लोणी घ्यायला त्याला बराच वेळ लागला.

रात्री जेवताना तिने विचारलं, शहरात घराघरात नळ असतो का हो. मी म्हटलं, असतो म्हणतात. ती म्हणाली, हं.

गुरुवार, ८ डिसेंबर.

सकाळी टॅमसिनने मेजावर लोण्याचा वडा ठेवला आणि त्याच्या शेजारी साचा, पालथा नाही, उताणा. एरवी ती तो धुऊन लगेच फळीवर ठेवते. मग बादल्या घेऊन रांगेला गेली.

साच्यातलं पाखरू खिडकीकडे बघत होतं. लोण्यावरचं दाराकडे.

साचा मी केला त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं रोज सकाळी मी ते लोणी खाल्लंय. सुरी नेहमी पाखराच्या मानेवरून फिरवत आलो, आणि ते कुणीकडे बघतं हे एकदाही बघितलं नाही. आज मी पाव कोरडाच खाल्ला.

ती आली तेव्हा लोणी तसंच होतं. बादल्या निम्म्याच भरल्या होत्या. तिने वडा झाकून ठेवला, साचा धुतला आणि विचारलं, “काही म्हणणार होतात?”

मी म्हटलं, नाही.

माळ्यावरची मोठी पेटी तिने खाली काढून पुसून ठेवली आहे. उघडी आहे, रिकामी. कशाला काढली विचारलं तर म्हणाली, वारा लागावा म्हणून.

परवाचं लिहायचं राहिलं ते लिहितो. तिला यातलं काही ठाऊक नाही, आणि कुठेतरी ते लिहिलेलं असावं. यंत्रं क्रॉस्थवेटला नको होती. पहिला ठसा हवा होता, आणि तो कोरणारा. कारखान्याची सचित्र यादी दर वर्षी निघते. तिच्यासाठी नांगर, गाड्या, यंत्रं, सगळ्यांचे ठसे कोरायचे. मी म्हटलं, मी यंत्रं करतो, यंत्रांची चित्रं नाही. आणि जो ठसा चुकलाय तो मी विकत नाही. तो म्हणाला, दांडा कुठे आहे याच्याशी आम्हाला काही करायचं नाही. तिथेच माझं नाही पक्कं झालं. दक्षिणेला खिडकी असलेली स्वतंत्र खोली, दिवसभर सारखा उजेड. राहायला कारखान्याचं घर, अंगणात नळ. ठशाचे वेगळे बारा पौंड. पगार वर्षाला एकशे साठ.